लिबोरियोनं रंगवलेलं ठाणं

सिसिलीतल्या लिकाता गावचा रंगारी लिबोरियो स्पातारो दुसऱ्या महायुद्धात, चव्वेचाळिसाव्या वर्षी, अंतर्गळाच्या दुखण्यासकट, सैन्यात गेला. गेला म्हणजे गावाबाहेरच्या किनाऱ्यावर गेला. धडधाकट पलटणी आफ्रिकेत कामी आल्या होत्या. मग उरल्यासुरल्या बाप्यांना मागच्या लढाईतल्या बंदुका देऊन समुद्र राखायला बसवलं. दुपारी बायका पाव घेऊन यायच्या, की जेवून सगळे लवंडायचे.

लेफ्टनंट बेल्लोमो मूळचा शाळामास्तर. विमानातून त्यांचं काँक्रीटचं ठाणं ओळखू येऊ नये म्हणून त्यानं फर्मावलं, "उस्ताद, याचं घर करून टाका."

लिबोरियोनं जीव ओतला. दार काढलं, खिडक्या, कुंड्या, आणि एका खिडकीत हसणारी बाई. ती नेमकी त्याच्या बायकोसारखी झाली.

क्रोचिफिस्सा पाव घेऊन आली ती थबकलीच.

"मी खिडकीत बसून शिपायांकडे बघून दात काढते होय?"

"अगं, शत्रूला फसवायला आहे ते."

"शत्रू फसेल तेव्हा फसेल. माझ्या भावांना काय सांगू? आधी पुसा ते!"

त्यानं निमूटपणे त्या बाईवर बंद झडप रंगवली.

जुलैत एका पहाटे समुद्र जहाजांनी भरून गेला. शेजारची ठाणी तोफांनी उडवली. या घरावर मात्र कुणी गोळा वाया घालवला नाही. आत सहाजण घामाघूम. बेल्लोमो हुकूम विचारायला टेलिफोन फिरवत राहिला, पलीकडे कुणी उचलेना. तेवढ्यात रंगवलेल्या दारावर कुणीतरी थाप मारली.

"आता काय करायचं?" बेल्लोमो कुजबुजला.

"घरी कुणी नाही म्हणून सांगा," लिबोरियो म्हणाला.

शेवटी सगळे मागच्या भोकातून हात वर करून बाहेर आले. रंगवलेल्या दारापुढे एक तरुण अमेरिकन शिपाई रिकामी बाटली घेऊन उभा होता. पाणी मागायला आलेला तो पोरगा यांच्याहून जास्त दचकला. त्याला पाणी दिलं, मग त्यानं यांना कैद केलं.

सिसिलीच्या कैद्यांना थोड्याच महिन्यांत घरी सोडलं. नव्या नगरपालिकेनं लिबोरियोला लगेच काम दिलं: भिंतींवरच्या जुन्या सरकारच्या घोषणा पुसायच्या. त्या लिहिल्याही त्यानंच होत्या. त्यानं चुना फासला. हिवाळ्याच्या पावसात अक्षरं पुन्हा वर आली, त्याला पुन्हा बोलावलं. असं दरवर्षी.

"अहो, चुना जरा घट्ट कालवा की," क्रोचिफिस्सा एकदा म्हणाली.

"हळू बोल," तो म्हणाला, आणि बादलीत आणखी पाणी ओतलं.