एकशे बारा पक्षी

शिंपीकाका चौदा वर्षं दर रविवारी तळ्यावरचे पक्षी मोजून सरकारी कचेरीला आकडे कळवत, तेही फुकट. तळं बुजवायला निघालेल्या ठेकेदाराच्या माणसांनी त्यांना बांधावर गाठलं.

"शून्य लिही," एकजण म्हणाला.

काका नाही म्हणाले, तशी त्यांनी लोखंडी गजाने त्यांच्या उजव्या हाताची बोटं ठेचली, दोन बरगड्या मोडल्या.

तिसऱ्या रविवारी काका बायकोचा खांदा धरून पुन्हा बांधावर आले. भरावामुळे पक्षी निम्मेच उरले होते.

"दुप्पट लिहिते. जिरू दे मेल्यांची," वही धरून ती म्हणाली.

"एकदा खोटं लिहिलं, की चौदा वर्षं मातीत जातील. एकशे बारा लिही."

आकडा निम्म्यावर आलेला पाहून दुसऱ्या दिवशी कचेरीच्या माणसांनी स्वतः येऊन पक्षी मोजले. एकशे नऊ भरले. चौदा वर्षांचे आकडे खरे धरून त्यांनी भराव थांबवला.