मुरमुऱ्यांची पिशवी

आमच्या कपाटात एक शाल आहे. मोरपंखी रंगाची, चांगली ऊबदार. भिलाईची थंडी तशी थोड्या दिवसांचीच, पण त्या दिवसांतही मी ती कधी अंगावर घेतली नाही. हे विचारतात, कावून वं, एवढी मानाची शाल, ठेवून तिचं काय लोणचं घालायचं आहे का? मी हसून टाळते. पोरगी विचारते, तिले म्हणते, रोज वापरली तर रंग जाईल. खरं कारण — ते मी ह्यांना सांगितलं नाही, पोरीले नाही, आणि देवापुढे हात जोडतानाही त्या गोष्टीच्या आजूबाजूनंच फिरली. तुमाले सांगून राहिली. तुम्ही मले ओळखत नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. सांगायले बसली तर काही सोपं नाही, बापा.

आधी मंडळाचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही — आणि तेवढाच मले दम घ्यायले वेळ मिळते.

आम्ही सेक्टरमधले मराठी लोक. कोणी वर्ध्याकडचे, कोणी भंडाऱ्याकडचे, पोलादाच्या प्लांटमधल्या नोकरीपायी इथं आलो आणि इथलेच झालो. घरात मराठी, दाराबाहेर पाय ठेवला की हिंदी. बायकांचं आमचं एक लहानसं मंडळ आहे. संक्रांतीनंतर त्याचं हळदीकुंकू होते, आणि प्रत्येकीले वाण मिळते. यात नवीन काय? सगळीकडेच होते. पण आमच्या वाणात एक गोम होती, आणि ती काळे मावशींनी घातलेली.

मावशी शाळेतून रिटायर झालेल्या. नवरा लवकर गेला होता. मंडळात कुंकू कोणाले लावायचं आणि कोणाले नाही, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच वर्षी मिटवून टाकला — सगळ्यायले लावायचं. दुसरं म्हणजे, कोणाच्या घरचं भागत नाही हे त्यांना कोणी न सांगता समजायचं. कोणती बाई बाजारात अख्ख्या तांदळाऐवजी कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, घेऊन राहिली, कोणी भिशी सोडली, कोणाचं पोट्टं ट्यूशनले जायचं बंद झालं, सगळं बरोबर टिपायच्या. पण मदत घ्या असं तोंडानं कधी म्हणायच्या नाहीत. माणसाले मागायले लावलं की अर्धी मदत तिथंच वाया गेली, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून त्या पिशव्या. एकाच ताग्यातल्या चौकड्याच्या कापडाच्या, एकाच मापाच्या, तोंडाले एकाच रंगाची नाडी. बहुतेक पिशव्यांत स्टीलची वाटी, तिळगूळ, आणि वरपर्यंत ठासून भरलेले मुरमुरे. आणि थोड्या पिशव्यांत — तांदूळ, तुरीची डाळ, तेल, चहापत्ती, गूळ, साबण, आणि त्यावर मुरमुऱ्यांचा एक थर. बघायले सगळ्या सारख्याच फुगलेल्या. कोणाच्या हातात काय चाललं, ते जिचं तिलेच माहीत. फरक फक्त वजनाचा. म्हणून आमच्यात एकच कडक नियम होता — दुसरीची पिशवी उचलायची नाही. म्हातारी असो, हातात लेकरू असो, मदत म्हणूनसुद्धा नाही. नवी सून मंडळात आली की पाया नाही पडली तरी चालायचं, पण हे तिले दारातच शिकवलं जायचं.

आता ढोले वैनी. सेक्टरबाहेर, कॅम्प म्हणतात त्या वस्तीत भाड्यानं राहायच्या. त्यांची मनू आणि माझी पिंकी एका वर्गात. भाऊजी एका छोट्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. काम मिळेनासं झालं, मालकानं शटर पाडलं. त्यानंतरही भाऊजी रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि कुठंतरी बसून संध्याकाळी परत यायचे, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. सगळ्यायले कळलं होतं. मनूले बारावीनंतर नर्सिंगले घालायचं, हे वैनीनं कधीपासून मनात धरलेलं. आणि त्या वर्षी तर घरात तेल संपलं की भाजी कशी करायची इथून सुरुवात होती.

मावशींच्या मनात मनूच्या फीचंही होतं. पण त्यांची रीत ठरलेली — आधी वाण, मग काही दिवसांनी सहज घरी जाऊन चहा, आणि चहा पिता पिता विषय. वाण घेतलं तरच पुढचं दार उघडणार होतं. हे लक्षात ठेवा. मलेही माहीत होतं.

हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळाच्या हॉलवर वैनी आल्या काळी साडी नेसून, कडक इस्त्रीची, केसात गजरा. उखाणा असा घेतला की सगळा हॉल हसला. निघताना मावशींनी त्यांच्या हातात पिशवी दिली. पायरीवर चपलेचा पट्टा लावायले वैनीनं ती क्षणभर खाली ठेवली. मी बाजूलेच होती. मी ती उचलली. आणि हसत, चांगली मोठ्यानं म्हणली —

"अवो वैनी, तुमची पिशवी एवढी जड कावून? आमच्यात तर नुसते मुरमुरे!"

दोघी-तिघी नव्या पोरी हसल्या. मग त्याही थांबल्या. वैनीचं तोंड — नाही, ते मले सांगता येत नाही. त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, आत गेल्या, आणि मावशींच्या खुर्चीवर ठेवली.

"मावशी, चुकून कोणाची तरी माझ्याकडे आली. माझी हलकीच होती."

टेबलावरची एक मुरमुऱ्यांची पिशवी घेतली आणि मान ताठ ठेवून निघून गेल्या.

मी स्वतःच्या गालावर चापट मारली. रडली. खरंच रडली, डोळ्यांतून पाणी आलं माझ्या. बायकांनी मलेच बसवलं, पाणी दिलं. मावशींनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, निघून गेलं तोंडातून, तुझ्या मनात थोडंच होतं. त्या एका वाक्यावर मी कितीक वर्षं काढली. कोणी विषय काढला की मीच म्हणायची, काय करू, माझी जीभच मेली अशी आहे.

आता ऐका. मनात होतं.

आदल्या दिवशी मावशींच्या ओसरीत आम्ही पिशव्या भरल्या, त्यातली ती पिशवी मी भरली होती. माझ्या हातानं डाळ ओतली, माझ्या हातानं वर मुरमुरे पसरले, नाडीची गाठ माझी. मावशींनी बाजूले येऊन हळूच सांगितलं होतं, ही ढोलेबाईची, गूळ चांगला बघून घाल. मी चांगला बघून घातला. पायरीवर ती पिशवी मी मदत म्हणून उचलली नव्हती. तिचं वजन मले पाठ होतं.

कावून केलं? काय घोडं मारलं होतं वैनीनं माझं? एकदा माझा तिळगूळ खाऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, कुंदाताई, पाक जरा कच्चा राहिला. राहिलाच होता कच्चा. मनू दर परीक्षेत पिंकीच्या पुढं असायची. ही काय कारणं आहेत? मी स्वतःले हीच सांगत आली, पण ही नाहीत. खरं हे, की मले त्यांची ताठ मान सहन झाली नाही. काल मी हिच्यासाठी डाळ भरली, आणि आज ही गजरा माळून माझ्यापेक्षा भारी उखाणा घेते? थोडं तरी वाकावं की नाही माणसानं? देणाऱ्या हाताले अशीही एक खाज असते. समोरच्याची मान खाली गेलेली बघायची खाज. ती मले होती. लाज वाटते, पण होती.

त्यानंतर मावशी त्यांच्याकडे गेल्या, पुन्हा गेल्या. वैनीनं कपबशीत चहा दिला आणि सांगितलं, आमचं बरं चाललं आहे. विषय निघालाच नाही. मनू बारावीले चांगल्या मार्कांनी पास झाली आणि दुर्गच्या एका साडीच्या दुकानात लागली. भाचीच्या लग्नाची साडी घ्यायले मी नेमकी तिथंच गेली. पोरगी माझ्यासमोर एकेक साडी उलगडून दाखवत होती. मावशी, पाणी आणू का, मले म्हणे. मी पाणी प्याली, साडी घेतली आणि घरी आली. तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलली.

मंडळात वेगळंच होऊन बसलं. पुढच्या वर्षीची पिशवी घ्यायलेच बायका आतापासून घाबरू लागल्या. ज्यांना खरंच लागत होतं, त्यांनीही नको म्हटलं. मावशींचं इतक्या वर्षांचं काम माझ्या एका वाक्यानं ठप्प झालं होतं. बैठक झाली. आणि मी उभी राहिली. म्हणली, सगळ्याच पिशव्या जड करू. प्रत्येकीनं जमेल तसं धान्य आणून द्यायचं आणि प्रत्येकीनं जड पिशवी न्यायची, साहेबाच्या बायकोनंही. जिले नको असेल तिनं मागून, कधीही, हॉलमध्ये धान्याची एक मोठी कोठी ठेवू तिच्यात परत ओतायचं, आणि जिले कमी पडेल तिनं त्यातून न्यायचं. कोठीजवळ कोणी बसायचं नाही. कोण टाकून गेलं आणि कोण काढून गेलं, कोणी बघायचं नाही.

बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. केवढं मोठं मन कुंदाचं! बोलताना चुकली, पण बघा कसं निस्तरलं!

आणि ते चाललं हो. खरंच चाललं. यात मले आजही आनंद होते, तो मी लपवत नाही. पुढच्या संक्रांतीले सगळ्याजणी जड पिशव्या सांभाळत, एकमेकींना हसत पायऱ्या उतरल्या. शेजारच्या तेलुगू बाया आल्या, बंगाली आल्या, आमच्याकडे कामाले येणारी छत्तीसगढी बाईही आली, आणि तिनं कोठीत तिच्या गावचे पोहे ओतले. आता नेहरू नगरच्या कॉलनीतही अशी कोठी आहे. मंडळ स्थापन झाल्यापासून एवढं धान्य कधी जमलं नव्हतं. आणि ढोले वैनी परत आल्या. सगळ्यांची जड, तर त्यांचीही जड. मग मावशी त्यांच्याकडे चहाले गेल्या, आणि या वेळी विषय निघाला. मनू एक वर्ष उशिरा का होईना, नर्सिंगले गेली. आज दुर्गच्या एका दवाखान्यात नर्स आहे. भाऊजी घरांची गेटं न् जाळ्या बनवतात, दुर्गमध्येच पद्मनाभपुरले त्यांनी स्वतःचं घर केलं. सगळं चांगलं झालं. फक्त ते एक वर्ष, साड्या उलगडण्यात गेलेलं, ते माझ्या नावावर आहे.

शाल त्यानंतरची. मंडळाच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठरला, आणि मावशींनी शाल घालायले कोणाले बोलावलं असेल? वैनीलेच. वैनीनं माझ्या खांद्यावर शाल घातली आणि माइकवर म्हणाल्या की ही सगळ्या जड पिशव्यांची गोष्ट कुंदाताईच्या डोक्यातून निघाली, म्हणून मी परत या दारात आली. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. पायरीवरचं बोलणं एका क्षणाचं होतं, त्यावर रागाचा तरी शिक्का मारता येते. पण हे हात मी चांगल्या शांत डोक्यानं जोडले होते. दोन्ही पापांतलं हे मोठं.

या संक्रांतीले मनू ड्युटी करून पिशव्या भरायले आली. मी भरलेली प्रत्येक पिशवी हातात तोलून बघत होती, एकही कमी-जास्त नको. मनू हसली आणि मले म्हणाली, "मावशी, तुमाले काट्याची गरजच नाही. एवढं बरोबर कसं समजते?" मी नाडी बांधत राहिली. उत्तर होतं माझ्याजवळ.

उद्या मी पद्मनाभपुरले जाणार आहे. शाल पिशवीत घातली आहे. वैनी चहा ठेवतील, त्यांच्याकडून कोणी बिनचहाचं जात नाही. चहा व्हायच्या आधी सांगायचं, प्याल्यावर नाही. त्यांनी उठून जा म्हटलं तर उठायचं. माफी मागणार नाही. मागितली तर त्या देऊन टाकतील, त्या तशाच आहेत, आणि मग तेही मी त्यांच्याकडून घेतल्यासारखंच होईल. शाल टेबलावर ठेवायची आणि एवढंच म्हणायचं —

वैनी, ती पिशवी मीच भरली होती. जड आहे हे मले उचलायच्या आधीच माहीत होतं.