पेटी राहू द्या

माझ्या वडलांच्या पेटीवर त्यांनी पांढरा कागद चिकटवला. माझ्या डोळ्यांसमोर.

पेटीच्या पुढच्या फळीवर लाल रंगात 'जय भीम' लिहिलेलं होतं. शाळेच्या शिपायानं आधी फळीवरची धूळ पुसली, मग कागदाला खळ लावली, मग चारही कडा अंगठ्यानं नीट दाबल्या. काम चोख केलं त्यानं. मी पडद्याच्या कडेला उभी होते. नववीत होते. डोक्यात अबोलीची वेणी, अंगावर आईचं लुगडं.

शाळेच्या गॅदरिंगची संध्याकाळ होती. श्रीगोंदा तालुक्यातलं आमचं गाव. शाळेच्या पटांगणात खाटा टाकून, वर फळ्या अंथरून स्टेज केलं होतं. पुढं खुर्च्या पाहुण्यांच्या, मागं सतरंज्या गावाच्या, त्याच्या मागं माती. आमची वस्ती मातीत बसायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

वडलांना मी दादा म्हणायची. दादा सीझनला साखर कारखान्यावर गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकायचा. बाकी वेळ पेटीवर भीमगीतं. ती पेटी त्यानं काष्टीच्या बाजारात तमाशातल्या एका म्हाताऱ्याकडून घेतली होती. तिची मधली एक पट्टी दाबली की वर येत नसे. दादा वाजवता वाजवता तिला करंगळीनं अलगद उचलायचा. ऐकणाऱ्याला कळायचंही नाही.

त्या वर्षी शाळेची पेटी उंदरांनी कुरतडली. मराठीचे सर आमच्या दारात आले. पहिल्यांदाच. आईनं घाईघाईनं चहा टाकला.

"नको नको, आत्ताच घेतला," सर उभ्याउभ्याच म्हणाले.

दादा म्हणाला, "पेटी न्या सर. पर ती दुसऱ्याचं ऐकत न्हाई. मीच येतो वाजवाया."

सर म्हणाले, "या की. उत्तमच."

दादानं कारखान्यावर पहिली पाळी मागून घेतली. पहाटे कामाला जायचा, दुपारी यायचा, अंघोळ करून शाळेत. आठ दिवस. नाटक संतांचं होतं. नाटकात देव सगळ्यांच्या घरी जेवायचा. त्यात सात पदं होती, सातही मी म्हणायची, आणि सातही दादानं बसवली. सरांना चाली येत नव्हत्या. ते बाकावर बसून मान डोलवायचे. त्या आठ दिवसांत दादा घरीसुद्धा वेगळा चालायचा. आई म्हणायची, "मास्तर झालाय जनू."

गॅदरिंगच्या दिवशी उजेड असतानाच आम्ही स्टेजवर गेलो. दादानं पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. पेटी मांडली. मला सूर दिला. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. गावात त्यांची जमीन, कारखान्यावर त्यांचा शब्द.

"हे कोन?" त्यांनी सरांना विचारलं. दादाला नाही.

"पेटीवाले, साहेब. पदं यांनीच बसवलीत."

"पेटी राहू द्या. मानूस खाली बसवा. तालुक्यावरनं पाव्हनं यायलेत. आपला भजनातला बाळू हाय की, त्याला बोलवा. आन् ते नाव झाका."

एवढंच. आवाज चढवला नाही. खुर्च्या कुठं लावायच्या ते सांगावं तसं सांगितलं आणि पुढं गेले.

सरांनी घड्याळाकडं पाहिलं. मग दादाकडं.

"जरा समजून घ्या. खाली बसता का?"

"व्हय सर. बसतो की," दादा म्हणाला.

अपमान त्यांनी केला. राग मला दादाचा आला. हे कबूल करायला माझी निम्मी जिंदगी गेली. तो 'बसतो की' हसून म्हणाला होता. पायरी नव्हती, त्यानं स्टेजवरून उडी मारली, शर्ट झटकला आणि आमच्या लोकांत, मातीत जाऊन बसला.

दिवे लागले. पाहुणे आले. हार झाले. पहिलं पद सुरू झालं. बाळूनं पेटी धरली आणि दुसऱ्याच ओळीला ती पट्टी अडकली. एकच सूर भोंग्यासारखा वाजत राहिला. बाळूला काही सुधरेना. मी तशीच गात राहिले. लोक हसले. पुढच्या खुर्चीवरून अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले, "वाजंल कशी? कुनाची हाय!"

खुर्च्या जास्तच हसल्या. सरही हसले. थोडंसं.

मी दादाकडं पाहिलं. त्याचं लक्ष माझ्याकडं नव्हतं, पेटीकडं होतं. त्याची करंगळी गुडघ्यावर हलत होती. पट्टी उचलत होती.

दुसऱ्या पदाला बाळूनं सूर दिला. मी तोंड उघडलं नाही. त्यानं परत सूर दिला. सर पडद्याआडून म्हणाले, "म्हण, म्हण." मी पेटीपाशी गेले. खळ ओलीच होती. कागद एका झटक्यात निघाला. मग माईकवर बोलले. आवाज भोंग्यातून वेशीपर्यंत गेला.

"ही पेटी माझ्या दादाची हाय. समदी पदं त्यानं बसवलीत. तो वाजवनार नसंल तर मी गानार न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. आमच्या लोकांनीही नाही. दादा उठून पळत आला. त्याचा चेहरा भीतीनं पांढरा झाला होता.

"येडी झालीस का? चल घरी."

"पेटी घिऊन चल," मी म्हणाले.

त्यानं भाता मिटला, कडी लावली, पेटी खांद्यावर घेतली. आम्ही खुर्च्यांच्या पुढून गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याला अध्यक्षांच्या बंगल्यावर बोलावलं. दुपारपर्यंत फाटकाबाहेर उभं केलं. त्यानं हात जोडले, माफी मागितली. तरी गव्हाणीचं काम गेलं ते गेलंच. आई मला म्हणाली, "तुझ्या तोंडापायी चूल इझली." शाळेत सरांनी माझ्यापुढं कागद ठेवला.

"दोन ओळी लिही बाळ. चुकले म्हणून. माझ्यासाठी."

"न्हाई लिहिनार."

मी लिहिलं नाही. दहावीपर्यंत मला कुठल्याच कार्यक्रमात घेतलं नाही. दादा पुढं वीटभट्टीवर गेला. 'शाब्बास पोरी' असं तो म्हणाला, हे लिहायला मला आवडलं असतं. तो म्हणाला नाही. मरेपर्यंत नाही.

मी आमच्याच जिल्ह्यातल्या नागापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगला अठ्ठावीस वर्षं उभ्यानं काम केलं. आता गुडघे गेलेत. बसून असते. महिन्यापूर्वी कुणीतरी मला आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं. शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मोठा कार्यक्रम आहे. ग्रुपवर रोज सकाळी फुलं, रोज 'ते सोनेरी दिवस'. मग अध्यक्षांच्या मुलीचा फोन आला. ती माझ्याच वर्गातली, आता पुण्यात असते.

"अगं, काय आवाज होता तुझा! ये ना, एखादं पद म्हण. आपल्या वेळी किती छान होतं. जातपात काही नव्हती बघ."

"व्हती," मी म्हणाले.

"काय?"

"व्हती म्हनलं. तुझ्या वडलांनी माझ्या दादाला ष्टेजवरनं उतरवलं. तू पुढंच बसली हुतीस."

ती म्हणाली, "जुनं कशाला उकरतेस? ते आता नाहीत गं."

"माझंबी न्हाईत."

फोन ठेवला आणि मी किती तरी वेळ भिंतीला टेकून बसले. राग नव्हता आला. थकवा आला होता. यांनी करायचं, यांनीच विसरायचं, आणि 'काही झालंच नव्हतं' अशी साक्ष मात्र आम्ही द्यायची. तीही गाऊन.

पत्रिका छापून आलीय. मी हो म्हणाले नव्हते, तरी माझं नाव आहे, पुढं कंसात 'गीत', आणि पाच मिनिटं. मी जाणार आहे. गीत म्हणणार नाही. हे वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून, कुणाचं काही न वगळता. पाच मिनिटांत ते संपणार नाही. घंटी वाजवा, माईक बंद करा. माझं वाचून झाल्याशिवाय मी थांबणार नाही.