मशीन माझं, कुंकू त्यांचं

"कोणाक अडचण आसा, तिणें कुशीक रावचें."

सुपरवायझर हे मोठ्याने बोलला. डिचोलीच्या साबणाच्या कारखान्यात, खंडेनवमीला, मशीनच्या पूजेआधी. आम्ही सहा बायका रांगेत. पलीकडे ट्रकचे ड्रायव्हर, हमाल, ऑफिसातले साहेब. अडचण म्हणजे पाळी. सगळ्यांना कळलं. सगळे आमच्याकडे बघायला लागले.

माझा दुसरा दिवस होता. गप्प राहिले असते तर कोणाला कळलं असतं? पण देवाच्या कामात खोटेपणा नको, ही आईची शिकवण अंगात मुरलेली. मी बाजूला झाले. एकटीच. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

वड्या गुंडाळायचं ते मशीन अकरा वर्षं मी चालवलं. नार्व्याहून पहिली बस धरून यायचं आणि त्याच्यापुढे उभं राहायचं. कागद अडकायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. घरातल्या पोराचा खोकला ओळखावा तसा तो मला ओळखू यायचा. महिन्याचे ते चार दिवससुद्धा मीच उभी, कंबर मोडून जायची तरी. तेव्हा कोणी विचारलं नाही, बाय, जरा बसतेस का म्हणून. पूजेच्या आठ दिवस आधी एचआरच्या मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं होतं, "मशीन आपलं समजा, म्हणजे कामाला हुरूप येतो." मी मनात म्हटलं, मॅडम, मी कधीचीच समजून बसलेय.

साहेबांच्या बायकोने माझ्या मशीनला कुंकू लावलं. फोटो निघाले. मी नळाजवळ भिंतीला टेकून. मॅडम समोरून गेल्या, बघून न बघितल्यासारखं करून. शेजारच्या मशीनवरची शांता, बेळगावकडची, तिने प्रसाद आणला आणि दुरूनच कागदावर ठेवला. तिचीही मान खाली. राग नाही आला, खरं सांगते. थकवा आला.

दोन वाजता सुपरवायझर धावत आला. "गे बाय, मशीन चालू कर. गाडी उभी आसा."

पूजलेलं मशीन त्या दिवशी चालवू नये, तेही एक जाऊ दे. मी विचारलं, "सकाळी माझा हात चालत नव्हता. आता चालतो?"

"आता पूजा जाली मगे."

"मग मी कुशीकच बरी."

घरात कमावणारी मी एकटी. पण जागची हलले नाही. दुसऱ्या कोणाला ते मशीन धड जमत नाही. गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच उभी.

दसरा झाला आणि मला खोकी चिकटवायला पाठवलं. अजून तिथेच आहे. मशीनची आठवण येते, येणारच. मॅडमनी परवा कागद वाटले, कामावर समाधानी आहात का म्हणून. मी कोराच परत दिला.

यंदाची खंडेनवमी जवळ आलीय. आम्हा सहाजणींचं ठरलंय. विचारलं तर कोणी उत्तर द्यायचं नाही, कोणी रांग सोडायची नाही. त्या मशीनला पहिलं कुंकू मी लावणार. त्या दिवशी पाळी असली तर कोणी न विचारता, आपणहून सांगून लावणार.