घरच्या मंडळीकडे परत पाठवणारे आबा

रेव्हरंड दयानंद सोनवणे, म्हणजे आपणा सर्वांचे आबा, यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझी चूक काढली होती. मी जळगावच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. माझी चूक काढलेली मला सहसा खपत नाही, म्हणून ती भेट अजून लख्ख आठवते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा, म्हणजे गावोगावच्या चर्चचा, युवक कॅम्प दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत भरतो. त्या वर्षी व्यवस्था नव्यानेच माझ्याकडे आली होती आणि कॅम्पचे पाळक म्हणून आबा येणार होते. त्यांना दाखवायला मी मुलामुलींची यादी घेऊन धुळ्याला गेलो. नाव, वय, गाव, शिक्षण, पालकांचा फोन, सगळं पट्टीने रकाने आखून लिहिलं होतं. शाबासकीची वाट बघत मी समोर बसलो. आबांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, टेबलावरची पट्टी उचलली आणि उजव्या कडेला आणखी एक रकाना आखला. वर लिहिलं, 'मंडळी'.

"यातला प्रत्येक जण कुठल्या मंडळीतून येतोय ते भरा, आणि तिथल्या पाळकांचं नावही," ते म्हणाले. "कॅम्प संपल्यावर मला त्यांना पत्र लिहायचंय."

मला वाटलं, हे पाळक कमी आणि कचेरीतले हेडक्लार्क जास्त दिसतात. धुळ्याहून परत येताना एसटीत मी मनातल्या मनात त्यांच्याशी बरंच भांडलो. पण आबांनी खरोखरच प्रत्येक मंडळीला पत्र लिहिलं. कोणाचा आवाज गाण्याला चांगला आहे, कोणाला घरची आठवण येऊन रडू आलं, कोणाला पवित्र शास्त्राबद्दल प्रश्न पडलेत, असं एकेकाबद्दल चार ओळी. आज ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. नातवंडांनी शिकवल्यामुळे आता पत्राऐवजी फोनवर निरोप पाठवतात, पण ओळी चारच्या पाचच झाल्या असतील, कमी नाहीत.

आबांबरोबर काम करणं म्हणजे कामाला लागणं. एका वर्षी कॅम्पचा आचारी पहिल्याच संध्याकाळी भांडून निघून गेला. मी डोक्याला हात लावून बसलो. आबांनी बाह्या सरसावल्या, चुलीच्या निखाऱ्यांत वांगी लावली आणि सगळ्यांना पुरेल एवढं भरीत केलं. भाकऱ्या मुलींनी आणि मुलांनी मिळून थापल्या. त्यातल्या काही भाकऱ्यांना भाकरी म्हणणं हा त्यांचा सन्मान होता, पण आबांनी स्वतःच्या ताटात मुद्दाम त्याच घेतल्या. दुसऱ्या वर्षी एका मुलीला ताप भरला, तेव्हा केळीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून ते तिला रावेरच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि तिची आई येईपर्यंत बाकावरून उठले नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ज्या एका बाबतीत आबांशी आम्हा सगळ्यांचाच कधी ना कधी खटका उडाला, ती बाब म्हणजे कॅम्पमधला बाप्तिस्मा.

आपल्या मंडळ्यांत मूल समजतं झालं आणि त्याने स्वतः मागितला, की बाप्तिस्मा देतात. आता असं बघा, कॅम्पमध्ये मुलं आठवडाभर प्रार्थना करतात, गातात, मनातलं बोलतात. शेजारी सातपुड्यातून उतरलेली नदी असते आणि दिवाळीत तिला पाणीही असतं. पाचव्या दिवशी चार मुलं उठून म्हणतात, आम्हाला बाप्तिस्मा घ्यायचाय. मग कशाला थांबायचं? मन तयार आहे, पाणी आहे, पाळक आहेत. घरी गेल्यावर अभ्यास, नोकरी, मोबाइल, आणि तो उत्साह कुठल्या कुठे जातो. मी हे सगळं आबांना अनेकदा ऐकवलं आहे. ते शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "मग घरी गेल्यावर टॉवेल कोण धरणार?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आबांच्या हातून बाप्तिस्मा होतो तेव्हा पाण्यातून वर येणाऱ्याला टॉवेलात घ्यायला मंडळीतलं एक माणूस उभं राहतं. ते नात्यातलं चालत नाही. बाप्तिस्मा घेणाऱ्याने ते स्वतः निवडायचं. त्या माणसाने पुढे त्याच्या घरी जायचं, तो उपासनेला दिसला नाही तर चौकशी करायची, त्याच्या अडीअडचणीला धावायचं. कॅम्पमध्ये टॉवेल धरणारे मित्र दुसऱ्या दिवशी साक्री, चोपडा, भुसावळला पांगतात, हे आबांचं म्हणणं.

या आग्रहापायी आबांकडून एकदा चूकही झाली, आणि ती लपवली तर त्यांनाच आवडणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या मुलीला त्यांनी असंच थांबवलं. तिच्या मंडळीत पाचसहा घरं आणि पाळक कधीतरी येणार. शेतीची कामं निघाली, पाऊस लागला आणि ती पुढच्या कॅम्पला तशीच परत आली. "आबा, तुमी थांब म्हणाले, मी थांबली," एवढंच ती म्हणाली. त्या संध्याकाळी आबा सगळ्या कॅम्पसमोर उभे राहिले. "चूक मन्ही शे," त्यांनी अहिराणीत सांगितलं. मनापासून बोलायचं झालं की ते अहिराणीतच बोलतात. तेव्हापासून त्यांनी स्वतःला नियम घालून घेतला: ज्याला थांब म्हणायचं, त्याच्या मंडळीत महिन्याच्या आत स्वतः जायचं. त्या मुलीच्या गावाला ते पुढच्याच आठवड्यात गेले.

माझी मुलगी करुणा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना प्रथमच कॅम्पला आली. पाचव्या दिवशी साक्षीच्या, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायच्या, वेळेला ती उभी राहिली आणि म्हणाली, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. बापाला याहून मोठा आनंद कोणता? मी तिथूनच तिच्या आईला, शीलाला, फोन लावला आणि लगेच आबांकडे गेलो. "उद्या सकाळी नदीवर," मी सांगूनच टाकलं.

"तिची मंडळी कुठली?" आबांनी विचारलं.

त्यांना ते माहीत होतं. आमची मंडळी पिंप्राळ्यातली, घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण त्या मंडळीची पायरी आम्ही दोन वर्षं चढलो नव्हतो. कारण सांगायला आज लाज वाटते. मी तिथल्या संडे स्कूलचा प्रमुख होतो. एका रविवारी मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे पंच, असलेल्या नानांनी सूचना वाचताना जाहीर करून टाकलं की पुढच्या महिन्यापासून संडे स्कूल दुसरं कोणी बघेल. मला आधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी त्याच क्षणी उठलो, बायकोमुलीला उठवलं आणि चालता झालो. नाना दोनदा घरी आले, तेव्हा मी आतल्या खोलीत बसून राहिलो. पुढची दोन वर्षं आम्ही कधी या मंडळीत, कधी त्या मंडळीत पाहुण्यासारखे जात होतो.

"आबा, कॅम्प हीच तिची मंडळी समजा," मी म्हणालो.

आबांनी माझा हात धरून मला स्वयंपाकाच्या शेडमागे नेलं. "विजय, पोरले घाई नही. घाई तुले शे. तुले पिंप्राळाले जावानं नही."

खरं बोललेलं वर्मी लागतं. मी भडकलो. "तुम्हाला माणसापेक्षा नियम मोठा," असं मी वयाने आणि मानाने कितीतरी मोठ्या असलेल्या त्या माणसाला तोंडावर म्हणालो. करुणा त्या दिवशी जेवली नाही. तिला रडताना बघून मी ठरवलं की हा आपला शेवटचा कॅम्प. निघायच्या दिवशी आबा तिच्याजवळ बराच वेळ बसलेले दिसले. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, आणि मीही फुगून बसल्यामुळे विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात आबांचा फोन आला. पिंप्राळ्याच्या पाळकांशी बोलणं झालं आहे, येत्या रविवारी मी येतो. करुणा तर तयारच होती. शीला म्हणाली, "तुम्ही नाही आलात तरी आम्ही दोघी जाणार आहोत." मग कुठला मान आणि कुठलं काय.

त्या रविवारी मी सर्वांत मागच्या बाकावर बसलो. धुळ्याहून पहिल्या एसटीने आलेले आबा पाळकांबरोबर बाप्तिस्म्याच्या हौदात उतरले. करुणा पांढऱ्या कपड्यांत कडेला उभी होती. आबांनी नेहमीसारखं विचारलं, "टॉवेल कोण धरणार?"

"नाना," ती म्हणाली.

मला ऐकूनही खरं वाटेना. पुढच्या बाकावरून नाना उठले. घरून धुऊन आणलेला टॉवेल त्यांच्या हातात होता, म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. हौदाच्या पायऱ्या ओल्या होत्या आणि नानांचे गुडघे तेव्हाच कामातून गेलेले. पहिल्या पायरीवर ते अडखळले. चारपाच जण उठायला लागले, तेवढ्यात आबा पाण्यातून म्हणाले, "विजय, नानाले धर."

सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. मी मागच्या बाकावरून पुढे गेलो आणि नानांचा दंड धरला. हाडं लागली हाताला. नानांनी माझ्यावर भार टाकला, मी एकेक पायरी त्यांना खाली उतरवलं, आणि माझी मुलगी पाण्यातून वर आली ती त्यांच्या टॉवेलात. मी रडलो. गणिताचा मास्तर सगळ्या मंडळीदेखत रडला, हे माझे विद्यार्थी वाचणार असतील तर खुशाल वाचोत.

"नानाच का?" मी नंतर करुणाला विचारलं. तेव्हा समजलं की तिच्या बारावीच्या प्रत्येक पेपरला नाना मेहरूणहून रिक्षाने येऊन केंद्राच्या फाटकाशी थांबत. मी तिला सोडून माझ्या शाळेत पर्यवेक्षणाला निघून गेलो की हे पुढे येत, पेपर सुटेपर्यंत बसत आणि तिला घराच्या वळणापर्यंत पोचवून परत जात. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, पप्पा," ती म्हणाली. हे तिने कॅम्पमध्ये आबांना सांगितलं होतं. नाना मात्र बाहेर चहा पिताना एवढंच म्हणाले, "सर, तेव्हा तुम्हाला न विचारता सांगितलं, ते चुकलं माझं. संडे स्कूलला आता तीनच पोरं येतात. या तुम्ही." मी पुढच्या रविवारी गेलो.

कॅम्पमध्ये बाप्तिस्मा कधीच देऊ नये, असं मी आजही म्हणणार नाही. ज्याला घरची मंडळीच नाही त्याचं काय, यावर आबांचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही. पण आबा मुलांना अडवत नव्हते, त्यांना घरी पोचवत होते, हे कळायला मला माझ्या मुलीची वेळ यावी लागली. त्यांना मी जे बोललो ते त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. मीही माफी मागितली नव्हती. ती आज या गौरवग्रंथात, आपणा सर्वांसमोर मागतो.

करुणा आता धुळ्यात नर्स आहे आणि आबांचं ब्लडप्रेशर तीच तपासते. नानांना दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात चालत नाही. त्यांचा मुलगा कामानिमित्त सतत फिरतीवर असतो. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मी मेहरूणला जातो, त्यांची दाढी करतो, रविवारचा सदरा काढून ठेवतो आणि सकाळी पुन्हा जाऊन त्यांना मंडळीत घेऊन येतो. दाढी करताना ते हनुवटी वर करून डोळे मिटतात आणि माझ्या हातातल्या वस्तऱ्यावर निर्धास्त विश्वास ठेवतात. त्या दिवाळीत नदीवर बाप्तिस्मा झाला असता, तर हा माणूस मी कायमचा गमावला असता, आणि गमावला आहे हे मला कळलंही नसतं.

आबा, देव आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य देवो. रुसून मंडळीबाहेर बसलेले माझ्यासारखे अजून पुष्कळ आहेत. त्या सगळ्यांना हाताला धरून घरी पाठवण्याइतकी वर्षं आपल्याला मिळोत.