शेपूचा लेप
भातकापणी झाली की पोशीरला आमच्या शेतात वाल पेरायचे, आणि विहिरीलगत शेपू, कोथिंबीर. मी कर्जतच्या मास्तरांची मुलगी. त्या घरात सून होऊन आले तेव्हा मला शेपूचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही. नणंद चिडवायची, "वयनी, नाक नको मुरडू गं, भाकरीसंगं हाच खावा लागंल." शेपू खुडून, धुऊन, जुड्या बांधून नेरळच्या बाजाराला न्यायचं काम तिचं.

तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा साजगावला कारखान्यात होता, आणि ती हवेत होती. साखरपुडा तोंडावर आला आणि तिच्या हातांवर कोपरापर्यंत लाल पट्टे उठले, मग फोड आले. सासूबाई म्हणाल्या, उष्णता. झालं, मला शहाणपण मिरवायला संधी मिळाली. माझ्या माहेरी घामोळ्यांवर कोथिंबिरीचा रस लावत. मी त्यात शेपूही घातला, पाट्यावर वाटला, तिच्या हातांना लिंपला आणि तिला अंगणात उन्हात बसवलं. लेप अंगावर वाळायला हवा, असा माझा हट्ट.

"आग होतेय गं वयनी."

"होऊ दे. औषध लागू पडतंय."

आठ दिवस हेच चाललं. फोड फुटले आणि त्यांच्या जागी काळपट ओघळ राहिले. मुलाकडच्या बायका बांगड्यांचं माप घ्यायला आल्या. तिचा हात हातात घेतलेल्या बाईने तो सोडला आणि पदराला बोटं पुसली. चहा तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी रोगी हाय.

पावसाळ्यापर्यंत डाग गेले. बोभाटा मात्र गेला नाही, आणि पुन्हा कोणी विचारायलाही आलं नाही.

पुष्कळ वर्षांनी माझ्याच मनगटावर तसे फोड आले. डॉक्टर म्हणाले, रोग वगैरे काही नाही. शेपू-कोथिंबिरीच्या रसात एक द्रव्य असतं, ते अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजते. हात धुवायचे आणि सावलीत बसायचं, एवढंच.

घरी येऊन तिला सांगितलं. ती विहिरीपाशी जुड्या बांधत होती. केस पिकले होते.

"आता सांगून काय करू मी वयनी?" एवढंच म्हणाली, आणि पुढची जुडी घेतली.

तेव्हा मला माहीत नव्हतं, हे मी स्वतःला हजारदा सांगितलंय. पण ती रोज आग होतेय म्हणत होती, आणि ते मला ऐकू येत होतं.