पारड्यावरचा हात

सकाळपासून वारं असं सुटलं होतं की दोरीवर वाळत घातलेली पँट उभ्या उभ्या चालायला लागली होती. असल्या वाऱ्यात काटेमास्तरांचं काम होत नाही. काटा ठरत नाही, पारडं रिकामं असलं तरी वाऱ्याचंच वजन दाखवतो. म्हणून मास्तरांनी दुकानाचं शटर गुडघ्यापर्यंत ओढलं, खिडकीच्या फटीत जुनं फडकं कोंबलं आणि बेकरीवाल्याचा काटा टेबलावर घेतला.

वजनकाटे तपासायचे, दुरुस्त करून द्यायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. चूक दाखवायची सवय जडलेली, म्हणून लोकांनी मास्तर करून टाकलं होतं. त्यांच्याकडे एक लाकडी पेटी होती. तिच्यात मखमलीवर पितळी वजनं ओळीनं बसवलेली. ती ते चिमट्यानंच उचलायचे. बोटाचा घाम वजनाला चिकटतो आणि मग खोटं वजन खऱ्याच्या तोऱ्यात मिरवतं, असं त्यांचं म्हणणं. एखादा दुकानदार "मास्तर, काटा खोटं बोलतोय!" असं ओरडत आला की मास्तरांचं उत्तर ठरलेलं. "आधी पारड्यावरचा हात काढा, मग काट्याला बोला."

ते वाक्य बाजारात म्हणीसारखं चालायचं.

आतल्या दारातून बायको आली. घर दुकानाच्या मागंच होतं.

"अहो, आवरा की. अकराला दवाखान्यात जायचंय. आणि तो शर्ट बदला, तेलाचे नकाशे पडलेत त्यावर."

"डॉक्टरबाई काय शर्ट तपासणार आहेत?"

"शर्ट नाही तपासणार. पण शेजारी मी बसलेली असते ना!"

ती खुशीत होती. तिच्या पिशवीत साखरेची वही होती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. पट्टी धरून रकाने तिनंच आखले होते: तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी. आकडे मात्र मास्तरांच्या अक्षरातले. एकशे अठरा, एकशे एकतीस, एकशे चव्वेचाळीस. वही बघून शेजारच्या वहिनी म्हणाल्या होत्या, "भाग्यवान आहात बाई. आमच्या ह्यांना सांगा जरा कसं केलंत." मग बायकोनं त्यांना तासभर सांगितलं होतं. भात वाटीनं मोजून, जेवल्यावर अर्धा तास चालणं, चहा फिका.

मास्तरांनी शर्ट बदलला.

तीन महिन्यांपूर्वी साखर निघाली तेव्हा डॉक्टरबाईंनी गोळी लिहून दिली, घरी तपासायचं मशीन घ्यायला लावलं आणि सांगितलं, "तीन महिन्यांत आवाक्यात आली नाही, तर इन्सुलिनचा विचार करू." मास्तरांनी त्यातलं इन्सुलिन तेवढं ऐकलं. पहिला आठवडा प्रामाणिकपणे गेला. पुढं दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. काटा तपासायला गेलं की चहा आलाच, आणि तो गोडच. नाही म्हटलं की दुकानदार तोंड पाडतो, असं मास्तर स्वतःला सांगायचे. बेकरीत तर परातीत केकचे तुटके तुकडे पडलेले असायचे. "घ्या मास्तर, तुटक्याला काय वजन!" बेकरीवाला म्हणायचा. चाळीस वर्षं वजनं उचललेल्या माणसाला ते पटायचं.

मग एका सकाळी मशीनवर दोनशे एकतीस आले.

"किती?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"एकशे एकतीस."

तोंडातून गेलं, म्हणून हातानं तसंच लिहिलं. दोनाचा एक करायला शाईसुद्धा कमी लागते. आतून आवाज आला, "बघा! म्हटलं नव्हतं मी?" त्या आवाजात इतका आनंद होता की दुसऱ्या दिवशीही दोनाचा एक झाला. तिसऱ्या दिवशी तर विचारही करावा लागला नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी डाव्या हाताला वही ठेवली, उजव्या हाताला रक्ताचा रिपोर्ट. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"काका, वही सांगते एकशे तीस-चाळीस. रिपोर्ट सांगतो नऊ पॉइंट सहा. म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सव्वादोनशेच्या घरात. दोन्ही खरं कसं असेल?"

बायकोनं मास्तरांकडं पाहिलं. अजून विश्वासानंच.

तिथं मास्तर बोलून गेले. "मशीन बिघडलंय, बाई. कमी दाखवतंय. माझा धंदाच आहे हो, मला कळतं."

"आणलंय ना मशीन? मग बघू या," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कपाटातून बोटाएवढी बाटली काढली. "ही ओळखीची साखर. हिचा आकडा किती यायला पाहिजे ते मशीनच्या पट्ट्यांच्या डबीवर छापलेलं असतं. तेवढा आला की मशीन शहाणं."

मास्तरांनी बाटली लगेच ओळखली. ती त्यांच्याच पेटीतली वजनं होती, फक्त पातळ केलेली. सिस्टरनी पट्टीवर थेंब टाकला. डबीवर छापलं होतं, एकशे दोन ते एकशे अडतीस. मशीननं दाखवलं एकशे एकोणीस.

"ठणठणीत आहे की! आणि मागचे आकडेही राहतात यात, हे बघा." सिस्टरनी बटण दाबलं आणि सरळ मनानं वाचायला लागल्या. "दोनशे चव्वेचाळीस. दोनशे एकतीस. दोनशे अठरा..."

बायकोनं वही ओढून घेतली होती. तिचं बोट रकान्यातून सरकत होतं. एकशे चव्वेचाळीस. एकशे एकतीस. तिसऱ्या आकड्यावर बोट थांबलं. सिस्टरच्या ते ध्यानात आलं आणि त्यांचा आवाज आपोआप खाली गेला.

मास्तर टेबलाच्या पायाकडं बघत बसले. धुतलेल्या शर्टात त्यांना आपण उघडे बसलोय असं वाटत होतं.

"काका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "आकडा वाढला म्हणून मी रागावत नाही हो. वाढतो तो. खाण्यानं वाढतो, तापानं, काळजीनं, झोप झाली नाही तरी वाढतो. कशानं वाढला ते शोधायलाच वही असते. मागच्या महिन्यात आलात तेव्हाच मी औषध वाढवलं असतं. पण मी या वहीवर विश्वास ठेवला." त्यांनी नवी गोळी लिहिली, डोळे तपासून घ्यायला सांगितले. "इन्सुलिनचं नंतर बघू. लागलं तरी ती शिक्षा नसते. पंधरा दिवसांनी या. वही आणा." जरा थांबून म्हणाल्या, "आणि मशीनही."

ते शेवटचे दोन शब्द मास्तरांना थपडेसारखे लागले.

परत येताना बायको पुढं चालत होती. एरवी ती मागं असायची आणि "जरा हळू चाला की" म्हणायची. वाऱ्यानं तोंडावर धूळ येत होती. मास्तर पाय उचलून तिच्या बरोबरीला आले.

"अगं, दुकानदार चहा पुढं करतात. नाही म्हणता येत नाही. बेकरीवाला तर..."

ती थांबली. त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "आधी हात काढा."

आणि पुन्हा पुढं चालायला लागली.

दुपारी तिनं दोन कप चहा केला. एक त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि दुसऱ्यात चमचा फिरवला. चमचा कपाला किणकिणला तसे मास्तर चपापले. तीन महिने त्या घरात तो आवाज नव्हता. "तुम्ही एकटे फिका पिणार आणि मी समोर बसून गोड पिऊ?" असं म्हणून तिनंही साखर सोडली होती. त्यांच्या वहीतल्या आकड्यांच्या जोरावर ती फिका चहा पीत आली होती, आणि बाजारात मास्तर रोज चार-पाच कप गोड.

तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला मोरीत ओतला.

"आता गोडही जात नाही मला," ती म्हणाली. "तेवढं मात्र केलंत."

मास्तरांना हसूही आलं नाही आणि रडूही. संध्याकाळी शेजारच्या वहिनी दारात आल्या, "काय म्हणाल्या डॉक्टर?" बायको म्हणाली, "औषध बदललंय." एवढंच. मास्तरांचं खोटं ती झाकत होती, हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साबणानं हात धुतले, कोरडे केले, बोटाला सुई टोचली. दोनशे सव्वीस.

आतून "किती?" आलं नाही. भांड्यांचा आवाज येत राहिला. मास्तर थांबले. मग आपणच, जरा मोठ्यानं म्हणाले, "दोनशे सव्वीस."

त्यांनी वहीत लिहिलं. पहिला दोन काढताना पेन अडल्यासारखं झालं. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'परवापर्यंत रोज बाजारात गोड चहा, चार-पाच कप'.

बायको पदराला हात पुसत आली. मशीन उचललं, आकडा बघितला, मग वहीतला बघितला, आणि पेन्सिलनं बारीक खूण केली. तपासलेल्या काट्यावर मास्तर करतात, अगदी तशी. ती आत गेली. जाता जाता म्हणाली, "चहा टाकलाय. दोघांचा फिकाच."

वारं पडलं होतं. मास्तर बेकरीवाल्याचा काटा घेऊन बेकरीत गेले, फळीवर बसवला, पेटी उघडून चिमट्यानं वजनं ठेवली, काढली. काटा बरोबर होता.

"घ्या मास्तर," बेकरीवाल्यानं परात पुढं केली. "तुटका आहे."

मास्तरांनी तुकडा घेतला. बेकरीवाल्याकडं बघितलं आणि तो पारड्यावर ठेवला. काटा हलला, थरथरला, चाळिसावर थांबला.

"अहो, खा की! काट्यावर काय ठेवताय?"

"चाळीस ग्रॅम," मास्तर म्हणाले. "आणि मला साखर आहे. तीन महिने झाले."

बेकरीवाल्याचा हात परातीवरच राहिला. "मग सांगायचं नाही का हो मला?"

मास्तरांनी तुकडा परातीत परत ठेवला. बोटांना गोड चुरा लागला होता. बोट तोंडाकडं निघालं होतं, ते अर्ध्यातून वळवून त्यांनी फडक्याला पुसलं. त्याच फडक्यानं पारडंही पुसलं, आणि काटा शून्यावर येतोय का ते बघायला खाली वाकले.